इतिहासाचा जमाखर्च : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या खेपेची पत्रं बहुतेक एकाच काळातली निघाली, गिरण्या आणि आगगाड्या सुरू झाल्या आणि इंग्रजांचं राज्य पसरत गेलं तो काळ. मी आयुष्यभर कॉलेजात आर्थिक इतिहास शिकवला. त्यामुळे कोणी कुठली लढाई जिंकली यापेक्षा तिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हे मला आधी विचारावंसं वाटतं. ज्यांना तलवारी हव्यात त्यांच्यासाठी या अंकात दुसरी पानं आहेत.

प्रश्न : बंडगार्डनचा बंधारा एका पारशी दानशूरानं बांधून दिला, असं लहानपणापासून ऐकत आलो. आता कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, तो पैसा अफूचा होता. खरं आहे का? आणि असेल तर आपण त्यांचं कौतुक करायचं की नाही? (एक वाचक, येरवडा)

उत्तर : मुलगी बरोबर सांगते आहे. तिला म्हणावं, नुसत्या बंधाऱ्यावर थांबू नकोस, ससून हॉस्पिटलपर्यंत चालत ये.

बंधाऱ्याचं काम १८५० च्या सुमारास पुरं झालं आणि त्यासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोठी देणगी दिली. कँपाला आणि शहराला पाणी मिळावं हा हेतू. खडकवासल्याचं धरण व्हायला तेव्हा अजून पाव शतक होतं, म्हणजे गरज खरीच होती. आता पैशाकडे या.

इंग्रज माणसाला चहाचं वेड लागलेलं, आणि त्या वेळी चहा मिळायचा फक्त चीनमध्ये. चिनी व्यापाऱ्याला इंग्लंडचं लोकरी कापड नको होतं, त्याला चांदी हवी. ही चांदी वाचवण्याची युक्ती म्हणजे अफू. बंगाल-बिहारकडच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्यातली अफू मात्र शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची, तिथे कंपनीचं चालेना. आधी कंपनीनं ती अडवून पाहिली. व्यापारी दमणच्या वाटेनं माल काढायला लागले, तेव्हा कंपनीनं शहाणपणानं परवाना देऊन स्वतःच कर घ्यायला सुरुवात केली. हा माळव्याचा माल मुंबईहून जहाजात भरणाऱ्यांत पारशी, गुजराती, मारवाडी, बगदादी यहुदी असे सगळे होते, आणि जमशेटजी त्यांतले मोठे. चीनच्या सफरीत १८०५ साली फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. पुढे हाच जार्डिन चीनमधल्या अफू-व्यापाराचा बादशहा झाला आणि जमशेटजी त्याच्या पेढीचे मुंबईतले भरवशाचे भागीदार.

चीनमध्ये अफू बेकायदा होती, हे विसरू नका. १८३९ साली चिनी बादशहानं लिन झेशू नावाचा कडक अधिकारी कँटन बंदरात पाठवला. त्यानं परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेतल्या. त्या नष्ट कशा केल्या ते बघण्यासारखं आहे. अफू जाळली तर तिचा अंश जमिनीत मुरतो आणि लोक ती माती खरवडून नेतात, म्हणून त्यानं समुद्राकाठी दगडी तळाचे चर खणवले, त्यात पाणी आणि मीठ घालून अफूचे गोळे फोडून भिजवले, वर कळीचा चुना टाकला, आणि तो खदखदणारा रेंदा भरती-ओहोटी बघून समुद्रात सोडला. तीन आठवडे हे काम चाललं. त्या पेट्यांत मुंबईकरांचा मालही होताच. मग युद्ध झालं, चीन हरला, आणि १८४२ मध्ये नानकिंगच्या तहानं हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. त्याच १८४२ मध्ये जमशेटजी 'सर' झाले. हा किताब मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

आता ससून. डेव्हिड ससून मूळचे बगदादचे, तिथल्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून १८३२ साली मुंबईत आले. नानकिंगच्या तहानंतर चीनची बंदरं उघडली, तसा त्यांनी १८४४ मध्ये आपला मुलगा तिकडे धाडला. अफू, सूत, कापूस, सगळ्यात त्यांचा हात. पुण्यातल्या हॉस्पिटलला त्यांनी पैसा दिला, कँपातलं लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, त्यांनी बांधायला घेतलं. १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले आणि त्यांची कबर त्या देवळाच्या आवारात आहे. विटांचा तो उंच मनोरा बघून नवखी माणसं त्याला चर्च समजतात.

राहिलं कौतुक. माझं मत विचाराल तर कौतुक जरूर करा. जमशेटजींनी पैसा साठवून ठेवला नाही, दवाखाने आणि शाळा काढल्या, आणि तो धंदा त्या काळी इंग्रजी कायद्यानं गुन्हा नव्हता. पण माळव्यातला आगाऊ उचल घेतलेला शेतकरी आणि कँटनमधला झुरके मारणारा हमाल यांनीही त्या बंधाऱ्याला वर्गणी दिली आहे, एवढं मुलीला सांगायला हरकत नाही. जाता जाता, बंधाऱ्याला उन्हाळ्यात जी जलपर्णी येऊन तटते, तीही दक्षिण अमेरिकेतून याच साम्राज्यांच्या जहाजांच्या काळात जगभर पसरली. तिला मात्र कोणी 'सर' केलं नाही.

प्रश्न : "इंग्रजांनी बाकी काही नाही तरी रेल्वे दिली," असं आमचे यजमान जेवताना हटकून म्हणतात. काय उत्तर देऊ? (एक गृहिणी, चिंचवड)

उत्तर : आधी त्यांना पोटभर वाढा. मग विचारा, 'दिली' म्हणजे पैसे कोणी घातले?

भांडवल इंग्लंडातल्या भागधारकांचं होतं, हे खरं. पण १८४९ च्या करारात सरकारनं जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीला पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी नफ्यात चालली नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या शेतसाऱ्यातून भरायचा. जमीन फुकट. रूळ आणि इंजिनं इंग्लंडहून. इतका बिनघोर धंदा मिळाल्यावर काटकसर कोण करील? मी स्वतः आगगाडीची भक्त आहे, पण भेट म्हणून पदरात पडलेल्या वस्तूचे हप्ते आपणच फेडत असू तर तिला भेट म्हणू नये.

आणि बांधली कोणी, हेही विचारा. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट तयार नव्हता. मुंबईकडून आलेला उतारू खोपोलीला उतरून पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचा. घाटाचं काम सात वर्षं चाललं. सुमारे १८३० फुटांची चढण, २५ बोगदे, आणि मधे एका ठिकाणी डोंगराच्या टोकावर जागाच संपली म्हणून गाडीनं उलटं फिरायचं. इंजिन मागच्या बाजूला लावायचं आणि आलेल्या अंगानंच पुढची चढण सुरू करायची. ही 'रिव्हर्सिंग'ची कसरत १९२९ पर्यंत चालू होती.

१८६१ मध्ये या घाटात ४२ हजार माणसं राबत होती. कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला, आणि पुढे तो कंत्राटदार काम सोडून गेला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज आला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. काम थांबणार, तर त्याची बायको अ‍ॅलिस उभी राहिली. कंत्राट तिनं आपल्या नावावर पुढे चालवलं, दोन अनुभवी इंजिनिअर हाताशी धरले, आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. यजमानांना हा भाग जरूर सांगा, जरा ठासून.

त्यांचा एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. १८७६-७७ च्या दुष्काळात रेल्वेनं दख्खनला धान्य आणलं. ते विकत घ्यायला माणसाच्या हातात पैसा नव्हता, ही गोष्ट वेगळी. दुष्काळी कामावरच्या मजुरीत धान्याचा हिशेब दिवसाला एका पौंडावर आणला गेला, तेव्हा मजुरांनी कामं सोडली आणि आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

प्रश्न : आमचं मूळ गाव सुप्याजवळ. आजोबा म्हणायचे, "अमेरिकेत लढाई झाली म्हणून सुप्यात वाण्यांच्या वह्या जळल्या." आम्ही हसायचो. यात काही तथ्य आहे का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : हसू नका, आजोबा इतिहासाच्या पुष्कळ पदवीधरांपेक्षा जवळ पोचले होते. फक्त त्यांनी मधल्या कड्या गाळल्या. त्या मी घालते.

इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या चालायच्या अमेरिकन कापसावर, आणि तो पिकवायचे दक्षिणेतले गुलाम. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली, लँकेशायरचा कापूस आटला. गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार खैरातीवर आले. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या मुंबईकडे. आपला 'सुरती' कापूस आखूड धाग्याचा, त्यात माती-सरकी मिसळलेली. तिकडचे विणकर त्याच्या नावानं बोटं मोडायचे, पण दुसरं होतं काय? मुंबईत कापसाचा भाव तिपटी-चौपटीनं चढला. लोकांनी गाद्या फोडून कापूस विकला, असं सांगतात. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र बुजवायच्या बॅकबे कंपनीच्या शेअरवर लोक वेड्यासारखे तुटून पडले. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद म्हणतील ती पूर्व दिशा. आईच्या नावे राजाबाई टॉवरला त्यांनी देणगी दिली ती याच दिवसांत.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. तार मुंबईत पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते. त्या दिवशी निम्मी मुंबई दिवाळखोर निघाली.

आता तुमचं सुपं. भीमथडी तालुका काही कापसाचा मुलूख नव्हे, तिथे बाजरी-ज्वारी. पण तेजीत धान्याचेही भाव चढले होते, घाटात आणि सरकारी कामांवर मजुरी मिळत होती, सावकार हसत हसत कर्ज देत होते. शेतकऱ्यानं बैल घेतले, विहीर खणली, लग्नं दणक्यात केली. त्याच सुमारास सरकारच्या तीस वर्षांच्या जमाबंदीची, म्हणजे ठरवून दिलेल्या साऱ्याची, मुदत संपली. १८६७ पासून इंदापुरापासून फेरपाहणी सुरू झाली, आणि तेजीतले भाव धरून सारा वाढवला गेला, काही ठिकाणी दीडपट ते दुप्पट. भाव उतरले तरी सारा तिथेच.

इथपर्यंत अमेरिका. यापुढचं पाप इथल्या कायद्याचं आहे, आणि माझ्या मते खरं कारण तेच.

१८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. कर्जरोखा तीनच वर्षं कोर्टात चालेल, म्हणजे सावकार व्याज साचवत बसणार नाही, असा सरकारचा भाबडा हिशेब. मी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडायचे, तुम्हीही कागद घ्या. शेतकऱ्यानं शंभर रुपये काढले, व्याज महिना शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज बहात्तर. मुदत संपत आली, सावकार म्हणतो, नवं कर्जखत लिहून दे. पैसे हातात एकही नवा पडलेला नाही, पण नव्या खतात मुद्दल १७२. आणखी तीन वर्षांनी २९६. शेतकरी निरक्षर, लिहिणारा सावकाराचाच माणूस, आणि कोर्टाला दिसतं ते फक्त शेवटचं खत आणि त्यावरचा अंगठा. पूर्वी गावात चार लोकांपुढे निवाडा व्हायचा, तिथे निदान शेजाऱ्यांना खरं काय ते ठाऊक असायचं. मुन्सफाच्या कोर्टात कागद बोलायचा. शेतकरी बहुधा हजरही नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि बैलजोडी जप्त.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजारचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेले लोक गुजराती वाण्यांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी एकच, खतं आणि वह्या बाहेर काढा. दिल्या त्यांच्या वह्या जाळल्या, न देणाऱ्यांची दुकानं फोडली. माणसांना मारहाण फारशी झाली नाही, राग कागदावर होता. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात मारवाड्यांवर बहिष्कार पडला होता. न्हावी, पाणक्या सगळ्यांनी काम बंद केलं होतं. सुप्यानंतर ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लष्कर बोलावलं गेलं, ९५१ लोकांना अटक झाली.

१८५७ ची धास्ती अजून ताजी असलेल्या सरकारनं चौकशी कमिशन नेमलं. त्याच्या अहवालात साऱ्यापेक्षा सावकारावर ठपका जास्त पडला, जे सरकारच्या सोयीचंच होतं. मग १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. कोर्टानं खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. सावकारही काही बसून राहिले नाहीत. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखतच लिहून मागायला लागले.

तेव्हा आजोबांचं वाक्य असं दुरुस्त करून ठेवा : अमेरिकेतल्या लढाईनं कर्ज स्वस्त केलं, सरकारनं सारा महाग केला, आणि कोर्टानं दोन्हीवर शिक्का मारला.

प्रश्न : इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले, हे खरं का? (एक विद्यार्थी, नवी पेठ)

उत्तर : तोडले असा धड पुरावा नाही. १७७२ मध्ये कंपनीचाच जुना नोकर विल्यम बोल्ट्स यानं लिहिलं ते असं, की बंगालमधल्या रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी आपले अंगठे स्वतःच कापून घेतले. माझ्या मते हे जास्त भयंकर आहे.

विणकर बुडाला तो यंत्रमागाच्या स्वस्त कापडानं आणि जकातीच्या अन्यायानं. आणि हे यंत्र तिकडच्या विणकरालाही सोडत नव्हतं. आपल्याकडे जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरला सेंट पीटर्स मैदानावर साठ हजारांचा जमाव मताचा हक्क मागायला जमला. त्यात हातमागवाले पुष्कळ होते. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं, अठराएक माणसं मेली. घोडेस्वारांत वॉटर्लूचे वीर होते, म्हणून लोकांनी चिडून त्या प्रकाराला 'पीटर्लू' नाव दिलं. विणकरावर घोडे घालणारं सरकार तेच, जे आपला मुलूख घेत होतं.

याच पुण्यातून सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातानं कातलेल्या सुताच्या खादीत गेले, हे माहीत असू द्या. गांधीजी तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते.

प्रश्न : रविवारची सुट्टी ही इंग्रजांच्या चर्चची देणगी ना? ऑफिसात पैज लागली आहे. (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : पैज सरकारी कचेऱ्यांपुरती असेल तर जिंकलात. तिथे रविवार इंग्रजांबरोबर आला. गिरण्यांपुरती असेल तर हरलात. मुंबईच्या गिरणीत मजूर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत उभा असे, आणि सुट्टी म्हणजे मालकाची मर्जी, नाहीतर सणवार. त्यातही 'सुट्टी'च्या दिवशी यंत्रं पुसायला बोलावत.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तो मुलांपुरता : सात वर्षांखालच्याला कामावर घ्यायचं नाही, बारापर्यंतच्याला नऊ तास. गंमत अशी, की या कायद्याचा सर्वात मोठा आग्रह मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा. मुंबईचा मजूर बारा-तेरा तास राबला तर मुंबईचं सूत स्वस्त पडतं, ही त्यांची पोटदुखी. म्हणून इकडच्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या वर्तमानपत्रांनी, त्यात आपल्या पुण्याचा 'मराठा'ही आला, या कायद्यांना विरोध केला. देशी धंदा बुडवण्याचा डाव, असं त्यांचं म्हणणं. डाव होताच, पण सात वर्षांच्या पोराचं काय, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं.

ते उत्तर नारायण मेघाजी लोखंड्यांजवळ होतं. घराणं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, संस्कार फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे, हातात 'दीनबंधु' पत्र. हे पत्र १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यातच सुरू केलं होतं. लोखंड्यांनी ते मुंबईला नेलं आणि गिरणीकामगारांची संघटना उभी केली. आमची काळजी मँचेस्टरलाही नको आणि पुण्यालाही नको, आमच्या मागण्या आम्ही सांगतो, असा त्यांचा खाक्या. २४ एप्रिल १८९० ला त्यांनी सभा घेतली, दहा हजार कामगार आले, दोन कामगार बायकाही तिथे बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली ती त्यानंतर, १८९१ मध्ये.

पैजेचे पैसे निम्मे-निम्मे वाटून घ्या. आणि शनिवारची सुट्टी तुम्हाला कोणी मिळवून दिली, हा प्रश्न हिंजवडीहूनच कोणीतरी पाठवा. पुढच्या अंकाला पत्रं कमी पडताहेत.